आकसपट्टी

तिकिटं एक जूनच्या आधीची आहेत.
एक जून हा अण्णांचा वाढदिवस,
म्हणजे अनगोळच्या शाळेत हेडमास्तरांनी
त्या वर्षी भरती झालेल्या सगळ्याच पोरांना वाटलेला.
आत्या म्हणते, भात कापणीला आलेलं,
आईनं विळा बांधावर ठेवला आणि घरी आली,
मग जून कुठला?
खरं, वैजयंतानं हॅम्बुर्गात हॉटेल ठरवलंय,
केकवर पंच्याहत्तर घालायला सांगितलंय,
आता जूनच.

जानेवारीपासून घरात कागद पिकलेत.
आधारवर भरमण्णा, दाखल्यावर भरमाणा,
रेशन कार्डावर कुणीतरी घाईत बरमानी.
ही तिन्ही माणसं एकच आहेत असं
कोर्टासमोरच्या झाडाखाली वकिलानं लिहून दिलं.
अण्णांनी तिघांच्या वतीनं सही केली.

पोस्टातल्या पासपोर्टच्या खिडकीत
पोरानं विचारलं, जन्मला तेव्हा राज्य कुठलं?
"मुंबई."
तो स्क्रीनवर खाली-वर बघत राहिला,
यादीत ते नव्हतं.
"ईग कर्नाटक, अज्जा."
"आगली बिडप्पा," अण्णा म्हणाले,
आणि बाहेर येऊन
उभ्या उभ्या एक सोडा प्यायले.

बेंगळूरला मशीननं बोटं घेतली नाहीत.
पुसा, म्हणाली मुलगी. परत ठेवा. दाबून ठेवा.
एकेचाळीस वर्षं उद्यमबागेत
सागवानावर रंधा, मग पॉलिशपेपर, मग वाळू,
रेषा कुठल्या कुठल्या पॅटर्नमध्ये जाऊन बसल्यात.
चौथ्या वेळेला डावा अंगठा लागला.
परतीच्या बसमध्ये ते त्याच्याकडेच बघत होते,
रिटायर झालेला गडी
अचानक ड्यूटीवर आल्यासारखं.

आई कुंदा नेणार. मांडे नेणार.
मांडे मोडतात म्हटलं तर म्हणाली,
"मोडू दे की, मी तिला दुधात चुरून घालतो."
शेंगाचटणी डब्यात, तो डबा दुसऱ्या डब्यात,
वर धोतराचा तुकडा बांधून.
ऑनलाइन मागवलेला वजनकाटा आलाच नाही.
अण्णांनी बॅग उचलली, गुडघ्याशी जरा थांबवली.
"चोवीस. वर चारशे."
चटणी बाहेर निघाली, आई आत गेली.
त्यांनी परत उचलली. "आता जातंय."
गल्लीच्या तोंडाला किराणावाल्याच्या काट्यावर
बावीस किलो नऊशे.

हॅम्बुर्ग त्यांना ठाऊक आहे.
लाकडी खोक्यांवर काळ्या रंगात तेच लिहिलेलं असायचं,
पंपाच्या बॉड्या जायच्या, भुश्यात निजवून.
बरगडीच्या आतल्या अंगाला, कुणाला दिसणार नाही तिथं,
हे पॅटर्नवर तांदळाएवढा ठिपका ठेवायचे.
मालकालासुद्धा सांगितलं नव्हतं.
मला परवा सांगितलं, शिंप्याकडून कोट आणताना:
"तिकडं एखादा पंप उघडून दावतील काय रे?"
विचारू की, म्हटलं मी.
कुणाला विचारायचं असतं
मला माहीत नाही.

काल रात्री बॅगेच्या तळाशी,
नव्या लोकरी बनियनींच्या खाली
हाताला पोलाद लागलं.
त्यांची आकसपट्टी.
तिचा फूट फुटापेक्षा जरा मोठा,
कारण लोखंड निवताना अंग चोरतं
आणि तेवढं साच्याला आधीच धरावं लागतं.
हिनं दुसरं काही मोजायला गेलं
तर सगळंच थोडं कमी भरतं.
काढून ठेवणार होतो.
मग किराणावाल्याचा काटा आठवला.
शंभर ग्रॅम त्यांनी
आधीच धरले होते.