पत्र्याला मार्जिन नसतं

रोही तुरीतून निघालं, एवढंच आठवतं.
मग दिवा आभाळाकडे पाहत होता
आणि डावं मडगार्ड
घाईत गोळा केलेल्या ओढणीसारखं
चाकावर बसलं होतं.
रोही उठलं, अंग झटकलं, आर्णीच्या बाजूनं गेलं.
त्याला कुणी खर्च सांगितला नाही.

मला सांगितला. दिग्रसचे रज्जाक मिस्त्री म्हणाले,
साडेसहा हजार, रंगाचे वेगळे.
साडेसहा हजार म्हणजे शाळेचे बावन्न गणवेश,
काजबटणासकट.
मी यवतमाळच्या भंगारातून नऊशेत एक आणलं.
लाल. गाडी माझी पांढरी.
कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं
आणि खिडकीशी बसवलं.

गोठ्याच्या सावलीत सतरंजी अंथरली.
दहा नंबरचा पाना मी धरला
जशी नवी पोरगी कैची धरते,
सगळा जोर मनगटात, बोटं नुसती पाहुणी.
वासुदेव म्हणाले, "तुह्यं काम होय का हे?"
मी म्हटलं, "बॅटरी धरा. सरळ."

आधी बंपर. मग कळलं, बंपरच्या आधी जाळी,
जाळीच्या आधी दिवा.
उसवणं मला येतं. शेवटचा टाका आधी सोडायचा.
बोल्ट बटणांच्या डब्यात टाकत गेले
आणि झाकणावर खडूनं लिहिलं,
वरचे चार, खालचे दोन,
एक दाराच्या फटीतला.
हा दार पुरतं उघडल्याशिवाय दिसत नाही,
काखेतल्या शिवणीसारखा.
तोच हलेना.
मशीनचं तेल सोडलं, तीन थेंब,
आणि रात्रभर मुरू दिलं.
सकाळी शिवी हासडल्यासारखा कर्रकन सुटला.

जुनं मडगार्ड निघालं तसं आतून
उंदराचं घर सतरंजीवर पडलं,
सरकीचा कापूस, तुरीची फोलं
आणि चिंध्या. माझ्याच.
गणवेशाचा निळा, कुणाचा तरी शेवाळी अस्तर,
आणि जांभळा, बारीक जरीचा.
हात थांबला.
हा यमू ढोकेचा.
दोन वर्षांपूर्वी दारात उभी राहून म्हणाली होती,
"उरलेलं कापड कुठी गेलं वं?"
मी म्हटलं होतं, उरलंच नाही.
उरलं होतं. वीतभर.
शोधलं तेव्हा सापडलं नाही,
आणि सापडत नाही म्हणण्यापेक्षा
उरलंच नाही म्हणणं सोपं होतं.
तेव्हापासून ती तालुक्याला शिवते.
वासुदेवांची बॅटरी त्या जांभळ्यावरच. मी म्हटलं, "इकडं धरा."

लाल मडगार्ड लावलं. खाली बसलं तर वर उघडं,
वर दाबलं तर दाराला भिडलं.
कापडाला दोन बोटं जास्तीची ठेवता येतात,
चुकलं तर आत ओढायचं, बाहेर सोडायचं.
पत्र्याला मार्जिन नसतं.
त्याच्या कडेनं तळहातावर एक रेघ ओढली.
लालवर रक्त दिसलं नाही, एवढाच फायदा.

मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले,
"बाई, आवळता कायले? आधी सारे सैल ठेवा,
दार लावून पाहा, मग एकेक."
म्हणजे कच्चा टाका!
हे आधी सांगायला काय झालं होतं?
पुन्हा सगळे सैल. पुन्हा दार.
वासुदेव बाहेरून गुडघ्यानं रेटत,
मी आतून पाना फिरवत,
"थोडं तुमच्याकडं. नाही, माझ्याकडं."
लग्नाच्या एकोणीस वर्षांत
इतकं बारीक बोलणं झालं नव्हतं.

शेवटी वर एका करंगळीची फट राहिली.
तिथून उजेड दिसतो.
पोरं म्हणतात, गाडीला मलम लावलं.
सोमवारी बाजारात गणवेशांचे गठ्ठे घेऊन गेले,
लोकांनी लांबूनच ओळखलं.

जांभळा तुकडा धुतला, तारेवर वाळत घातला.
उंदरानं एक कोपरा खाल्लाय.
नेऊन द्यायचा का, ठरत नाही.
दार लागतं,
जरा उचलून लावावं लागतं.