ड्रायव्हर नाही

तुर्भे, मसाला मार्केट, गाळ्यावरचा पोटमाळा.
कॅबिनेट उघडलं आणि मला तीन शिंका आल्या.
पंख्याच्या पात्यांवर हळद,
रॅमच्या खाचेत मिरचीची भुकटी,
मदरबोर्डवर एक जिरं,
अगदी सोल्डर केल्यासारखं चिकटलेलं.
"बारा वर्षं इथंच आहे," शेवाळे दिवाणजी म्हणाले,
मशीनबद्दल की स्वतःबद्दल, कळलं नाही.

पडदा निळा.
खाली बारीक अक्षरांत एकच गाऱ्हाणं:
जिच्यावरून उठायचं ती डिस्कच दिसत नाही.

शेठचा आवाज फोनमधून सगळ्या माळ्यावर,
फॉरमॅट मारायला सांगा त्या बाईंना,
कोरी पाटी बरी.
दिवाणजींनी फोन पालथा ठेवला,
वर वजनाचं माप ठेवलं, पाचशे ग्रॅमचं.

मी डिस्कला कान लावला.
फिरत होती,
दोन गल्ल्यांपलीकडची गिरणी ऐकू यावी तशी.
म्हणजे आहे. धडधाकट आहे.
हाक मारणाराच मध्ये कुणी उरला नाही.

हे दिवाणजींना कसं सांगायचं?
म्हटलं, ड्रायव्हर गेलाय.

ते खिडकीतून खाली बघायला लागले.
तिथे गुंटूरचा ट्रक कालपासून उभा,
माल भरलेला, किल्ली लागलेली,
टपावर क्लीनर झोपलेला.
"पळाला?"
"नाही. अर्धाच उरलाय."
"पिऊन?"
"अपडेट चालू असताना लाइट गेली असेल.
फाईल मध्येच तुटली."
"हां," ते म्हणाले, "त्या मंगळवारी."
आणि मंगळवारावर थोडा वेळ रागावून बसले.

मग माझा पेनड्राइव्ह, दुरुस्तीचा काळा पडदा,
लुकलुकणारी ती उभी रेघ.
पहिला ड्रायव्हर चढवला. डिस्क नाही.
दुसरा भलत्याच कंपनीचा.
तिसऱ्याने मशीनच गोठलं,
पुन्हा पहिल्यापासून.
कंपनीने जुनं सगळं कधीच काढून टाकलंय,
तिच्या लेखी हा बोर्ड जन्मलाच नव्हता.
खाली कुणीतरी पोती मोजत होतं, लाभ, दोन, तीन,
आणि घामाबरोबर माझ्या डोळ्यांत मिरची उतरत होती.

चौथा होता मुनीरभाईंच्या सीडीवरून उतरवलेला.
वाशीचं दुकान विकताना
त्यांनी मला एवढंच दिलं होतं,
एक सीडीचं पाकीट, वर मार्करने: फेकू नये.

एंटर.

डिस्क शून्य. ऑनलाइन.

"शून्य?" दिवाणजींचा चेहरा पडला.
"शून्य म्हणजे आहे, दिवाणजी.
हे मशीन शून्यापासून मोजतं."
ते हसले नाहीत. "लाभ"पासून मोजण्यात ज्याचा जन्म गेला
त्याला हे पटायला वेळ लागणारच.

फाईल जागेवर ठेवली, मशीन पुन्हा चालू केलं.
निळ्यातून खिडकी उगवली,
जुनी, वाकडी, आयकॉन इकडेतिकडे सांडलेले.
दिवाणजींनी खुर्ची ओढली,
एका बोटाने नाव टाकलं:
कोंडिबा घाडगे, टोळी सात.
ठेव जमा: एकतीस हजार चारशे.

"गेला श्रावणात," ते म्हणाले.
"दर शनिवारी थोडे ठेवायचा माझ्याकडे. पावती नाही.
बायको पाटणहून निघालीय, चारला पोचेल."
प्रिंटर कुरकुरला, एक पान बाहेर आलं,
कडेला पिवळा अंगठा उमटलेला.
मापाखाली फोन थरथरत होता. कुणी उचलला नाही.

मी निघणार तेवढ्यात लक्षात आलं,
घड्याळ अजून दोन हजार बारात आहे,
एक जानेवारी, पहाटेचे काहीतरी.
बटणसेल मेलेला. तीस रुपयांची चकती,
पिशवीत होती, बसवली.
"आजची तारीख?" मी विचारलं.
त्यांनी सांगितली,
वार सांगितला,
आणि मागून, न विचारता, तिथीही.