हो

दुभाष्याला तासावर पैसे मिळतात.
आज तीन तास धरतील,
त्यातली जेमतेम वीस मिनिटं मी बोलले.

बाकी वेळ टेप चालली.
ठाण्यातली, जूनच्या रात्रीची, एक्केचाळीस मिनिटं.
त्या रात्री मला कुणी बोलावलं नव्हतं.

पंपाचं कुलूप तू तोडलंस?
हो.
एकटाच होतास?
हो.
म्हणजे सोबत कुणी होतं?
हो.
थंडी वाजतेय?
हो.

टंकणाऱ्या बाईनं चारही हो
एकाखाली एक नीट मांडले.

नदीच्या वरच्या अंगाला हा शब्द असा वापरतात:
ऐकतोय, चालू द्या तुमचं.
तुम्ही गणवेशात आहात, दार तुमच्या पाठीशी आहे.
हो म्हणजे संपवा ना एकदाचं.
हो म्हणजे घरी.
चहाच्या सुट्टीत मी हे वकिलाला सांगितलं.
इंटरेस्टिंग, म्हणाला तो, आणि बिस्किट बुडवलं.

ऑब्री जंगाला, वय एकोणीस, मान खाली.
पिकल्या केसांच्या माणसाकडे रोखून बघू नये
हे डॉरीननं त्याला धपाटे घालून शिकवलंय.
पर्थहून विमानानं आलेले न्यायाधीश म्हणाले,
आरोपी नजरेला नजर देत नाही.
तेही टंकलं गेलं.

डॉरीनला आत सोडलं नाही.
नातं? आई.
कारकुनानं कागद उलटला: आई तर मयत आहे.
थोरली वारली, मी धाकटी, दोघी आईच, ती म्हणाली.
रकाना एकच होता.

आणि ते कुलूप. पंप ज्या झऱ्यावर बसवलाय
तिथं डॉरीनचा जन्म झाला, वाळूत, पहाटे.
झऱ्याला कुलूप कुणी घातलं
हा प्रश्न टेपवर नाही.
मी तो विचारू शकत नाही.
दुभाष्यानं मनचं काही घालायचं नसतं,
तशी शपथ घेतलीये.

चौदा महिने.
महिन्यांना आमच्याकडे आकडा नाही,
मी पावसाळे मोजून सांगितले. त्यानं मान हलवली.
हो.

बाहेर किंबर्लीचं ऊन पांढरं पडलेलं.
बोआबच्या बुंध्याला टेकून डॉरीन बसली होती,
मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत त्याचा इस्त्रीचा शर्ट.
तिनं विचारलं,
ऐकून घेतलं का त्याचं?

हो, म्हणाले मी.

तिनं वर पाहिलं नाही.
पिशवीतून शर्ट काढला,
बाह्या आत दुमडल्या,
पुन्हा घडी घालायला लागली.