मधाचं बोट

रुस्तावीच्या गाडीबाजारात रविवारी
इंजिनं गप्प असतात.
त्यांना गप्प करणारा मी, आन्झोर,
मागच्या रांगेतल्या पत्र्याच्या शेडमधला.

जेमाल शनिवारी रात्री गाडी आणतो,
बॉनेट उघडतो, आणि दोघंही ऐकतो:
टॅपेटची टकटक,
बंद दारावर कुणी नखानं वाजवावं तशी.
"उद्या दुपारपर्यंत," तो म्हणतो. तेवढंच म्हणतो.

बाकाखाली डबा आहे. लेबल कधीच गळून पडलंय.
आतलं ओतायचं म्हणजे हात अवघडतो,
धार तुटत नाही, घड्या घालत उतरते,
आणि विसाव्या मिनिटाला
दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर पळालेली ओपेल
पाहुण्यांसमोर बसवलेल्या पोरासारखी
गुमान बसते.

बाप सांगायचा, तेलाच्या डब्यावर दोन आकडे:
पहिला पहाटेचा, दुसरा भर दुपारचा.
मधला डब्ल्यू म्हणजे हिवाळा.
पहिला आकडा जितका लहान
तितकं तेल पहाटे लवकर उठतं.
जाड तेल लोळत पडतं,
आणि ते वर चढेपर्यंत
लोखंडाला लोखंड कोरडंच घासतं.
बाप आयुष्याबद्दल वगैरे बोलत नव्हता.
तेलाबद्दलच बोलत होता.

एतेरी आली मेस्तियाच्याही वरच्या गावातून,
रात्रभर मिनीबसमध्ये बसून,
हातात चीजची पिशवी, पैसे मोज्यात.
तिनं टायरला लाथ मारली नाही,
रंगावरून हात फिरवला नाही.
डिपस्टिक ओढली,
थेंब बोटावर घेतला, अंगठ्यानं चोळला,
आणि बोटं हळूच लांब केली.
तार आली. एकतारी पाकासारखी.

जेमाल सांगत होता: जर्मन माल, एकच मालक, शाळामास्तर.
ती माझ्याकडे बघत म्हणाली,
"कोण आजारी आहे?"

नवरा बावीस वर्षं कमाझ चालवायचा, म्हणाली.
गेला. कमाझ अजून आहे, कोंबड्या राहतात त्यात.
"आमच्याकडे जानेवारीत उणे वीस.
हा पाक पहाटे पंपानं ओढायचा कसा?
काढ सगळं. पाच-डब्ल्यू-तीस भर."
"बाई, मग ती वाजेल," जेमाल म्हणाला, आणि जीभ चावली.
"टॅपेटच ना? क्रँक नाही ना?"
हे तिनं मला विचारलं.
तोंडातून जे आलं ते खरं होतं,
मलाच जरा नवल वाटलं.
"टॅपेट. दोन हिवाळे निघतील."
"मग वाजू दे.
रस्ता बंद झाला की वर आम्ही नऊ घरं.
जे बोलतं त्याचं तोंड कशाला बांधू?
आवाज बदलला तर मला कळायला हवा."

खालचा नट सोडला. इंजिन गरम, तरी
तसराळं भरायला अर्धा तास गेला.
तोवर तिनं बाकावर चीज कापलं,
जेमाललाही दिलं,
आणि चारशे लारी कमी केले.
जेमालनं चीज खाल्लं.

नवं तेल पाण्यासारखं गेलं. चावी फिरवली.
टक. टक. टकटक.
ती मान हलवत राहिली,
घरच्या कुणाची तरी तक्रार ऐकल्यासारखी.

मग गेली, कारखान्याच्या धुराड्यांवरून,
नदीच्या पुलाकडे. मी ऐकत उभा.
पुलापर्यंत आवाज येत होता.
पुढे येत होता की मला वाटत होता, सांगता येत नाही.

डबा अजून बाकाखालीच आहे, अर्धा.
फेकला म्हटलं तर ऐकायला बरं वाटेल.
जेमाल आठवडाभर बोलला नाही,
शनिवारी आला, होंडा घेऊन. बॉनेट उघडलं.
डब्याला हात घालण्याआधी
मी जरा जास्त वेळ ऐकलं.
एवढंच.