प्रश्न चौदावा

वॉसॉ, विस्कॉन्सिन. मार्च संपत आला तरी बर्फ
मागच्या दाराशी ठाण मांडून.
सरकारी पाकीट आठ दिवस फ्रिजवर पडून होतं.
आज मी ते उघडलं.
या घरातली सगळी पाकिटं मीच उघडते,
दहा वर्षांची होते तेव्हापासून.

ही व्यक्ती घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलते का?
बोलते.
कोणती?
ह्माँग लिहायला पाचच चौकोन लागले,
पुढची ओळ रिकामी.
इंग्रजी किती चांगली बोलते?
उत्तम. बरी. फारशी नाही. मुळीच नाही.

आईचं काय लिहू?
जिनसेंगच्या शेतात बारा वर्षं तण उपटते,
मुकादमाचं इंग्रजी तिला पाठमोरीही कळतं.
शनिवारच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुड्यांमागे उभी राहून
"दोन घ्या, पाच डॉलर" असं म्हणते
की घासाघीस करायची कुणाची छाती होत नाही.
पण वीज कंपनीचा फोन आला
की तो माझ्या हातात देते,
विंचू दिल्यासारखा.
मामा गेला त्या वर्षी डॉक्टरांना म्हणाली होती,
काळीज तुटलंय.
आमच्या बोलीत खरोखरचं काळीज,
बरगडीखालचं, उजवीकडचं.
मी तेरा वर्षांची. म्हटलं, शी इज सॅड.
तीन अक्षरांत उरकलं.
त्यांनी लिहून घेतलं, पुढच्या पेशंटला हाक मारली.

वडील खिडक्यांच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
दोन्ही भाषांत सारखेच गप्प.
त्याला चौकट नाही.

आणि फेंग, पंधरा वर्षांचा.
आई ह्माँगमध्ये हाक मारते, तो इंग्रजीत ओ देतो.
"नाही"वर खूण केली
तर पुढे छोटासा बाण: थेट पंधराव्या प्रश्नावर जा.
मी केली.
किती सोपं आहे.

"काय विचारतात गं?"
प्रावीण्य. आमच्या भाषेत काय म्हणतात त्याला?
घरच्या भाषेचं मला कुणी विचारलंच नव्हतं,
स्वतःच्या नावापुढे मी मघाशीच "उत्तम" करून मोकळी.
म्हटलं, विचारतायत, आपण घरात काय बोलतो.
मोहरीचा पाला निवडता निवडता, मान न उचलता आई:
"मग लिही की. जेवलीस का. भात आहे. दार लाव."

फेंग जिना उतरून आला, हेडफोन गळ्यात.
आज काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, "मॉ."
भात. पण सूर चढला,
आणि चढल्या सुरात त्याचा अर्थ होतो दुखणं.
आईने ओला हात त्याच्या कपाळावर ठेवला.
"कुठे?"
"व्हॉट?"
ती भात वाढायला वळली. तिचे खांदे हलत होते.

मी त्याच्या नावापुढची खूण
खोडरबरने पुसायला घेतली.
कागद पातळ. जरा फाटलाच.