बाराव्या दिवशी

घुगऱ्यांचे हरभरे आदल्या रात्रीच भिजत घातले होते.
तारीख डॉक्टर दस्तूर बाईंनी दिली,
पंचांग कुणी उघडलं नाही.
फायलीवर लिहिलेलं: बेबी ऑफ मनाली गायखे,
स्त्री, दोन किलो सातशे चाळीस.

मी खडकीच्या फॅक्टरीत गेज तपासते.
मिलिमीटरचा शंभरावा भाग माझ्या बोटांना कळतो.
भाऊ रक्तपेढीत, वहिनीचे टाके ओले,
म्हणून फिल्मसमोर मी उभी.
"ही गाठ. डोळ्याच्या मागे, खोबणीत.
पोटातच वाढलीय. आत पाणी आहे, कूर्चा आहे,
थोडे केससुद्धा असतील."
केस! जावळाच्याही आधीचे.
"आणि ही डोळ्याची नस, ताणून दोऱ्याएवढी झालीय."
दोरा कितीचा, मी विचारलं. सवयीनं.
बाई हसल्या नाहीत. आकडा सांगितला.

घरी बोपोडीला आई
तांब्याच्या ताटलीवर काजळी धरून बसलेली,
आणि फोनवर पुन्हा तेच:
ग्रहणात हिनं काही चिरलं होतं का, विचार.
मी विचारलं नाही.

आधी सुईनं पाणी ओढलं. गाठ बसली,
तेव्हा कुठे हात जायला वाट झाली.
चाळीस मिलि रक्त चढवलं.
अंगात सगळं मिळून पावशेर असेल-नसेल.
पाच तास जिन्याच्या खिडकीत
संगम पुलावरचे टेम्पो मोजले, चुकले,
पुन्हा पहिल्यापासून.

डोळा राहिला.
दिसेल?
"बहुतेक नाही," बाई म्हणाल्या. मास्कचा वळ गालावर.
"पण डोळा आत असला की भोवतीचं हाड वाढतं.
खोबण रिकामी झाली, तर ती बाळाएवढीच राहते."

नाव सातव्या महिन्यातच ठरलं होतं. सुनयना.
जन्मल्यापासून ते कुणाच्या तोंडून आलं नव्हतं.
दुसरं शोधू, भाऊ म्हणाला होता.

काचेच्या पेटीजवळ एकालाच सोडतात.
उजवीकडे पट्टी, म्हणून डाव्या बाजूनं वाकले,
गोल झडपेशी तोंड नेलं.
कुर्रर्र.
ठरलेलंच नाव सांगितलं.

मग तशीच वाकून राहिले.
पाठीत धपाटे घालायला मागे कुणी नव्हतं.
सिस्टर जिन्सीला कळेना, मला कंबर धरली की काय.
तिला रीत सांगितली. तिनं ग्लोव्ह्ज काढले,
दोन बोटं पाठीला लावली,
जणू मीही पेटीतलीच.

जोरात मार गं, म्हटलं.
हरभरे घरी आंबतायत.