पॅड निवडताना

देवास नाक्याच्या आत, ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे
आमचं शटर साडेनऊला वर जातं.
भिंतीवर खिळ्यांना पॅड टांगलेले:
लोकरीचे, फोमचे, नारंगी, पांढरे, काळे,
आणि एक जांभळा,
जो सियागंजच्या दुकानदारानं स्कीम म्हणून गळ्यात मारला.

लखन नवा आहे, रंग पाठ करतो.
त्याला म्हटलं, रंगावर जाऊ नकोस,
कंपनी बदलली की नारंगी मवाळ होतो
आणि पांढरा चावतो.
अंगठ्यानं दाब, सोड, किती वेळात वर येतो बघ.
पोहे भिजले का बघतोस ना, तसं.

आज डगांवकरांची गाडी.
गडद निळी, अकरा वर्षांची.
बँकेतून रिटायर, सुदामानगरहून स्वतः चालवत आलेले.
"रोज सकाळी मीच पुसतो," म्हणाले,
"एक दिवस चुकला नाही.
तरी अशी का दिसते, बघा बरं."

बोनेटवर बॅटरी धरली.
कोळ्याचं जाळं, असं सगळे म्हणतात त्याला.
मला हात दिसला.
कोरडं फडकं, रात्रीची धूळ,
उजवीकडे वळत गेलेली वर्तुळं,
बोनेटवर ऐसपैस, दारांवर घाईची,
टपावर हात पुरतो तिथपर्यंतच.
मधली पट्टी शोरूममधून आल्यासारखी कोरी.
मोठ्या वर्तुळांवर लहान वर्तुळं, अलीकडची.
"खांदा आखडलाय का, काका?"
"दोन वर्षं झाली. तुम्हाला कुणी सांगितलं?"

मीटर लावला.
टपाच्या मधोमध एकशे अठरा, कडेला एकशे पंधरा.
तीन मायक्रॉन.
मीटरची चूक धरली तर दोन.
अकरा वर्षांच्या सगळ्या सकाळी, दोन.

लखननं तोवर लोकरीचा पॅड मशीनला चढवलेला.
त्याचं बरोबर आहे, लोकर एका फेरीत सगळं खाते.
वर्तुळं जातात, कडाही जातात.
माझ्या पहिल्या वर्षी एक मरून एस्टीम होती,
डिकीच्या वळणावर मी एक श्वास जास्त थांबले,
आणि रंगाखालून प्रायमर आला,
गुडघा खरचटल्यावर येतो तसा, फक्त राखाडी.
हबीबभाई ओरडले नाहीत.
म्हणाले, हा पॅड धुवू नकोस, खिळ्याला लाव.
अजून आहे तो, दारामागे, मरून डागासकट.

तेव्हापासून सर्वांत मऊ आधी.
मऊ हरला तर एक पायरी वर.
आणि अर्धवट जिंकला तर?
त्याचं उत्तर हबीबभाईंनी दिलं नाही,
तेव्हा त्यांची दुपारची झोप झाली होती आणि चहा आला होता.

कडांना टेप. बोनेटवर दीड फुटाचा चौकोन.
काळ्यानं नुसतं चकाकलं, वर्तुळं तशीच.
पांढरा लावला, पॉलिशचे चार ठिपके,
मशीन तिच्या वजनावर सोडली, वर माझं वजन नाही.
मधूनमधून तळहात उलटा करून पत्रा बघितला,
तापलेल्या पोराचं कपाळ बघतात तसा.
पुसलं. वरवरचं गेलं होतं.
खोल वर्तुळं दोन-चार, अजून फिरत होती.
लखनची नजर नारंगीकडे गेली.
"नाही," म्हटलं. "एवढंच."

सहाला काका आले, गाडीभोवती दोनदा फिरले,
नळाचा खांब बोनेटमध्ये सरळ दिसतो का, वाकून बघितलं.
मग विचारलं, "पण ते पडले कशानं होते?"
"धुळीनं," मी म्हटलं.
खोटं नव्हतं.
दोन बादल्या कशा घ्यायच्या ते सांगितलं, नवं कापड दिलं.
त्यांनी ते पाकिटासकट ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवलं,
लग्नात मिळालेल्या रुमालासारखं,
आणि खिशातून स्वतःचं काढलं, जुन्या बनियनचं,
आणि फाटकापाशी, बोनेटवरच्या एका कणाला,
उजवीकडून, लहान वर्तुळात.

लखन हाक मारणार होता.
त्याच्या हातात पांढरा पॅड दिला, धू म्हटलं, पिळू नकोस.
मनात वजाबाकी केली,
वर्षाला एवढं, मी आज काढलं तेवढं,
खाली राहिलं तेवढं.
पुरेल.
गाडी विकली नाही तर,
काकांना पुरेल.